काट्यावरचा अॅडमिन

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

रोजनिशी सुरू. कॉलेजात साधना मॅडम म्हणायच्या, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने रोज चार ओळी लिहाव्यात, म्हणजे चूक कुठे झाली ते पुढे सापडतं. माझ्याकडून चूक होणार नाही, पण सवय चांगली.

दर्यापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आज माझा प्रोग्रॅम चालू झाला. तीन कम्प्युटर, एक डेटाबेस. गेटवर टोकन मिळालं की मी शेतकऱ्याचं नाव टाकते. काट्याच्या खोलीत देवमन भरलेल्या गाडीचं वजन टाकतो. गाडी आत जाऊन कापूस खाली करते, तोवर माझ्या शेजारी बसणाऱ्या दुर्गाबाई कापसाची प्रत टाकतात. मग रिकामी गाडी परत काट्यावर. दोन वजनांतला फरक तो कापूस. पावती माझ्या प्रिंटरमधून.

यात एक सोय मी स्वतःच्या डोक्याने केली आहे. भरलेल्या गाडीचं वजन टाकायला घेतलं की ते रेकॉर्ड लॉक. रिकाम्या गाडीचं वजन भरेपर्यंत त्याला दुसरं कोणी हात लावू शकत नाही, मॅनेजर केशवराव साहेबसुद्धा नाही. आणि रिकामं वजन भरल्याशिवाय देवमनला ते सोडताही येत नाही. काटा मारणं, म्हणजे वजनात शेतकऱ्याला फसवणं, हे मी लहानपणापासून ऐकते आहे. माझ्या काट्यावर ते होणार नाही.

साहेब म्हणाले, महिनाभर नीट चाललं तर मला पक्कं करतील. अब्बांनी ते ऐकून घरी शब्द दिला: इफ्फत पक्की झाली तर नगमाला बारावीनंतर अमरावतीला कॉलेजात घालू. नाही झाली तर अकोल्याचं स्थळ आलेलंच आहे. ते लोक सव्वीस तारखेला, रविवारी, नगमाला बघायला येणार आहेत. (माझ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. मुलगी फार शिकलेली आहे म्हणाले.)

नगमा माझी धाकटी बहीण. तिला मी सांगितलं, कपडे भरायला घे. अकोल्याचे नाही, अमरावतीचे.

७ नोव्हेंबर

किरकोळ अडचण. दुर्गाबाई प्रत टाकायला गेल्या तर स्क्रीनवर इंग्रजीत आलं की बदल करता येत नाही, हे रेकॉर्ड 'काटा' या मशीनवर 'अॅडमिन' नावाच्या युजरने लॉक केलं आहे. दुर्गाबाईंनी मला विचारलं, "हा अडमिन कोन आहे वं? काहून अडवते आपल्याले?"

मी म्हटलं, बघते.

आमच्याकडे अॅडमिन नावाचं कोणी नाही. साहेब, दुर्गाबाई, देवमन, गेटवरचा वॉचमन, मी. सगळ्यांची नावं दोनदा आठवली.

थोड्या वेळाने आपोआप सुटलं. म्हणजे मीच सोडवलं असं म्हणायला हरकत नाही, कारण मी तेव्हा एंटर दाबत होते.

९ नोव्हेंबर

कारण सापडलं. लोडशेडिंग. वीज गेली की डेटाबेस अर्धवट बंद होतो आणि कुलूप आतल्या आत अडकून राहतं. पुस्तकातही असंच काहीसं दिलं आहे.

प्रत टाकता येत नाही म्हणून दुर्गाबाई प्रत्येक गाडीतला मूठभर कापूस टेबलावर मांडून ठेवतात, खाली टोकनची चिठ्ठी. लॉक सुटला की एकेक मूठ बघून प्रत टाकतात. दुपारपर्यंत सगळं टेबल पांढरं झालं. मग वीज आली. पंखा चालू राहिला होता.

कापूस कपाटावर, साहेबांच्या डोक्यावर, एक पुंजका चहात. चिठ्ठ्या वेगळ्या, कापूस वेगळा. बाहेर गाड्या उभ्या. खिडकीतून पुंजाराम नावाचे म्हातारे शेतकरी आत बघत होते. त्यांच्या गाडीचा नंबर कधीचा होऊन गेला होता. ते नुसतं टोकन बोटांत फिरवत होते. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी घाबरले नाही. फक्त हात थंड पडले होते, ते नोव्हेंबरमुळे.

संकल्प: वीज असताना पंखा नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार

आज वीज दिवसभर होती. लॉक त्याहून जास्त वेळ होता. म्हणजे लोडशेडिंग हे एकमेव कारण नसावं.

डेटाबेसच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी फाईल दिसते, तिच्या चित्रावर कुलूप असतं. ती उडवून टाकावी म्हटलं. वापरात आहे म्हणून उडेना. कोण वापरतंय विचारायची सोय नाही.

अमरावतीला मॅडमना फोन केला. अॅडमिनचं मुद्दाम काढलं नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये बाहेरचा माणूस शिरला हे कॉलेजात कळायला नको. फक्त लॉकचं सांगितलं. मॅडमनी विचारलं, काट्यावर एखादं रेकॉर्ड अर्धवट उघडं राहतं का? मी म्हटलं, राहूच शकत नाही, पूर्ण भरल्याशिवाय सोडता येत नाही अशी सोयच मी केली आहे. मॅडम बराच वेळ गप्प होत्या. कौतुक वाटलं असावं. पुढे काही बोलणार तेवढ्यात माझा बॅलन्स संपला.

१३ नोव्हेंबर

काट्याच्या खोलीची तपासणी केली. ऑफिसपासून तिथे जायचं म्हणजे बैलगाड्यांच्या रांगेतून जावं लागतं. सगळे बघतात. मी मान खाली घालून भरभर गेले. घाबरले नव्हते, बैलांची शिंगं मोठी होती.

टेबलाखाली पाहिलं, कम्प्युटरच्या मागे पाहिलं. अॅडमिन नाही. देवमन मात्र गुणी निघाला. त्याच्या स्क्रीनखाली प्रोग्रॅमच्या ओळीने कितीतरी खिडक्या उघड्या होत्या. मी विचारलं. तो म्हणाला, "एक गाडी, एक खिडकी. गाडी खाली होऊन आली का तिची खिडकी लावतो. नाही तं मागच्या गाडीले थांबा लागते." सातवी शिकलेला माणूस इतक्या सफाईने काम करतो, हे माझ्या प्रोग्रॅमचं यश आहे. त्याला शाबास म्हटलं. कम्प्युटरला परका माणूस हात लावतो का विचारलं. नाही म्हणाला. मग आवाज खाली आणून मला विचारलं, "काहून? कोनी आहे का?"

तेव्हा मला खरंच वाटलं की कोणीतरी आहे.

१५ नोव्हेंबर

रांग गेटाबाहेर गेली. आज लॉक जवळजवळ प्रत्येक गाडीला. जितक्या जास्त गाड्या आवारात, तितका अॅडमिन जास्त. गर्दीचा फायदा घेऊन तो आत शिरतो हे यावरून सिद्ध होतं.

साहेबांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. कागद-कार्बन काढून ठेवू का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, रविवारपर्यंत वेळ द्या. कुठला रविवार ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घरी अम्मी नगमासाठी अकोल्याच्या लोकांसमोर घालायला ड्रेस शिवते आहे. नगमाने मला विचारलं, "आपा, तुझं ते मशीन चालतं ना?" मी म्हटलं, एकदम. तिने मापाची टेप अम्मीच्या हातातून काढून घेतली आणि दाराला बांधून ठेवली. रागात असं करते ती.

१६ नोव्हेंबर

उत्तम योजना सुचली. एका दगडात दोन पक्षी.

काट्यावरच्या यूपीएसची बॅटरी गेली आहे, हे खरंच आहे. अकोल्याच्या स्थळाच्या मुलाचं, सरफराजचं, यूपीएस-बॅटरीचं दुकान आहे. मी साहेबांना तेच दुकान सुचवलं, नातं सांगितलं नाही. तो इथे येईल, बॅटरी बदलेल, मी खिडकीतून त्याला बघेन. उद्धट असला, दात खराब असले, काहीही, तर घरी सांगून स्थळ मोडता येईल. आणि बॅटरी नवी झाली की लॉकही कमी होतील. साहेबांनी फोन मलाच करायला सांगितला; पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला.

आवाज चांगला आहे. हे घरी सांगायचं नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

पाहिजे तसे कडक उपाय केले. स्वतःच्या अक्षरात मोठी नोटीस लिहून काट्याच्या खोलीच्या दारावर लावली:

"अनोळखी इसमास या खोलीत प्रवेश नाही. येथील कम्प्युटरवर अॅडमिन नावाची व्यक्ती शेतकरी बांधवांच्या गाड्यांच्या नोंदी अडवून ठेवत असल्याचे आढळले आहे. सदर व्यक्ती आढळल्यास ऑफिसला कळवावे."

शुद्धलेखन दोनदा तपासलं. पारदर्शक कारभार म्हणजे हाच.

दुपारी, चहाच्या वेळी

पुंजाराम यांनी नोटीस मोठ्याने वाचली. ज्यांना ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी पुन्हा वाचली.

संध्याकाळी

सगळ्या रांगेला अॅडमिन माहीत झाला. तो अकोल्याचा आहे म्हणतात. एका व्यापाऱ्याचा माणूस आहे, काटा मारायचं शिकून आला आहे. एकाने त्याला मूर्तिजापूर रोडवर मोटरसायकलवर पाहिलं. पॅन्ट-शर्टात होता. दुसऱ्याने सांगितलं, मागच्या वर्षी तेल्हाऱ्यात होता, तिथून पळाला.

त्यांच्याकडे माझ्याहून जास्त माहिती निघाली. थोडं बरं वाटलं, बरंचसं वाटलं नाही.

२० नोव्हेंबर

शेतकऱ्यांचा एक घोळका साहेबांकडे आला. आमची वजनं अडमिनच्या ताब्यात आहेत म्हणाले, त्याला बाहेर काढा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तपास चालू आहे. असं पेपरात लिहितात.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या टिनाच्या छपरावर काहीतरी जोरात पडलं. दुर्गाबाई म्हणाल्या, दगड. मी म्हटलं, माकड असेल. दुर्गाबाई म्हणाल्या, "माकडं दर्यापुरात असते तं आपल्या संत्र्याच्या सालीबी उरल्या नसत्या, माय." त्यांनी डबा अर्धाच खाल्ला आणि खुर्ची खिडकीपासून आत ओढून घेतली. मीही ओढली. प्रकाश डोळ्यांवर येत होता.

नोटीस काढावी का असा विचार मनात आला. पण काढली तर लोक म्हणतील, काहीतरी लपवतात. काढायची म्हणजे रांगेतून जावं लागणार, हे कारण नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहायचं.

सकाळी दुर्गाबाईंच्या स्क्रीनवर लॉक, माझ्या स्क्रीनवर लॉक. मी दुसऱ्याच एका शेतकऱ्याचं चुकलेलं नाव दुरुस्त करत होते, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. आधी वाटलं बैल सुटला. मग शब्द कळले. अडमिन सापडला.

अकोल्याहून मोटरसायकलवर पॅन्ट-शर्ट घातलेला एक जण आला, हातात पकड आणि स्क्रूड्रायव्हर. सरळ काट्याच्या खोलीत शिरला. देवमनने विचारलं, कोण तू? तो म्हणाला, मशीन पाहायचं आहे. देवमनने बाहेर येऊन कडी घातली आणि हाळी दिली. मी त्याला खबरदार राहायला सांगितलं होतं. तो राहिला.

साहेब पंचायत समितीत गेलेले. दुर्गाबाई म्हणाल्या, तू जाऊ नको. मी जाणार नव्हतेच. पण खोलीच्या जाळीतून त्या मुलाचा आवाज आला. तो शिव्या देत नव्हता. पाणी मागत होता. फोनवर ऐकलेला तोच आवाज.

कशी गेले ते आठवत नाही. रांग नव्हती, सगळी माणसं त्या दारापाशी होती. दोघातिघांच्या हातात जुवातून उपसलेल्या लाकडी शिवळा होत्या. पुंजाराम पुढे झाले. म्हणाले, "बाई, तुमीच लिवलं ना, आढळल्यास कळवा म्हनून. आढळला. कळवून राहिलो."

मी म्हटलं, आधी मला कम्प्युटर बघू द्या. देवमनने कडी काढून मला आत घेतलं. सरफराज कोपऱ्यात पोत्यावर बसला होता, शर्टाची बाही फाटलेली. त्याचे दात चांगले आहेत.

स्क्रीनखाली त्या दिवशीसारख्याच खिडक्या. मी एकेक उघडून पाहिली. भरलेली गाडी, वजन टाकलेलं. रिकामी गाडी, जागा कोरी. दुसरी तशीच. तिसरी तशीच. आवारात जितक्या गाड्या खाली व्हायच्या होत्या तितक्या अर्धवट पावत्या, प्रत्येकीला कुलूप, आणि प्रत्येकीखाली मीच टाकलेली लाल ओळ: रिकामे वजन भरल्याशिवाय नोंद पूर्ण होणार नाही. याच पावत्यांवर दुर्गाबाई तिकडे प्रत टाकायला धडपडत होत्या.

तरी अॅडमिन उरलाच. मला वाटलं, निदान तो तरी खरा असावा. मी यादीतलं जे रेकॉर्ड समोर आलं ते बदलून पाहिलं. स्क्रीनवर आलं, हे 'ऑफिस' मशीनवर 'अॅडमिन'ने लॉक केलं आहे. ते मघाचं चुकलेलं नाव होतं. ते अर्धवट टाकून मी पळत आले होते. ऑफिसमधल्या त्या खुर्चीवर कोणी नव्हतं, फक्त माझी ओढणी होती.

प्रोग्रॅममध्ये मी कोणालाही युजर म्हणून नाव दिलं नव्हतं. नाव न दिलेल्या प्रत्येकाला तो अॅडमिन म्हणतो. देवमन अॅडमिन. दुर्गाबाई अॅडमिन. आणि कुलूप लावणारी मी.

बाहेर कोणीतरी दारावर शिवळ आपटली.

मी दारात उभी राहिले आणि म्हटलं, अॅडमिन मी आहे. कोणालाच ऐकू गेलं नाही. परत म्हटलं, या वेळी फार मोठ्याने.

कोणीतरी विचारलं, "मंग हा कोन?"

"बॅटरीवाला."

पुंजाराम आणखी पुढे आले. "अन् आमचं वजन कोनं धरून ठेवलं?"

"मी. कोणी बदलू नये म्हणून."

"बदललं मंग कोनं?"

"नाही. कोणाला बदलता आलं नाही. दुसरं काही भरताही आलं नाही."

मागे एक जण हसला. मग आणखी एक. पुंजाराम हसले नाहीत. ते म्हणाले, असं असेल तर आवारातल्या सगळ्या गाड्या आमच्यासमोर परत तोला. तोवर साहेब आले. गोंधळात एकही गाडी खाली झाली नव्हती, त्या परत तोलल्या. वजनं जुळली. पावत्या मी हाताने लिहिल्या, सगळ्यांसमोर, गाडीच्या जुवाला टेकून. खाली बसले असते तर उठता आलं नसतं.

सरफराजला पाणी मी दिलं. त्याने ग्लास परत देताना विचारलं, "आप नगमा की आपा हैं ना?" मी हो म्हटलं. तो पकड-स्क्रूड्रायव्हर तिथेच सोडून गेला.

२२ नोव्हेंबर

काट्यावरचा कम्प्युटर पोत्यात गुंडाळून साहेबांनी कपाटावर ठेवला. सीझन संपेपर्यंत कार्बन. माझं अक्षर बरं आहे, म्हणून पावत्या मी लिहायच्या, रोजावर. पक्कं करायचं काय, मी विचारलं नाही. नोटीस काढायला गेले तर कोणीतरी आधीच काढून नेली होती.

घरी सगळं सांगितलं. अब्बा गिऱ्हाइकाच्या गादीत कापूस भरत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, रविवारी त्या लोकांना जेवायला काय करायचं? म्हणजे उत्तर मिळालं.

नगमा ड्रेस घालून आरशासमोर उभी होती. छान बसला आहे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

नवा उपाय सुचला आहे: भरलेलं आणि रिकामं वजन डेटाबेसच्या दोन वेगळ्या टेबलांत ठेवायचं, म्हणजे लॉक येणारच नाही. कागदावर आकृती काढली. कोणाला दाखवायची ते कळेना, म्हणून घडी करून ठेवली.

२६ नोव्हेंबर, रविवार

अम्मीने सकाळपासून बिर्याणी लावली. दुपार झाली, कोणी आलं नाही. मग अकोल्याहून फोन आला. अब्बा ऐकत राहिले, हो, हो म्हणत राहिले.

ते येणार नाहीत. मुलाची आई म्हणाली, मुलगी चांगली असेल, घरही चांगलं असेल. पण ज्या घरात अॅडमिन आहे, त्या घरात मुलगा द्यायचा नाही. अकोल्यात सगळ्यांना कळलं आहे. दुकानात लोक सरफराजला अॅडमिनचा जावई म्हणतात.

अब्बांनी फोन ठेवला. बिर्याणीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. मग म्हणाले की आता हिला कॉलेजातच घालावं लागेल, दुसरं कोण घेणार हिला.

नगमाने दोनदा बिर्याणी घेतली. नंतर मला मिठी मारली, इतकी घट्ट की माझा श्वास अडकला. तिची एकच अट आहे: विषय कोणताही चालेल, कम्प्युटर नको.

म्हणजे मी योजल्याप्रमाणेच झालं. क्रम तेवढा बदलला.

उद्या गेटवर परत रांग असेल. आता सगळे मला अडमिनबाईच म्हणतात, आणि हाक आली की मी उठते. साहेबांकडे चांगला निळा कार्बन मागायचा. काळ्याचा डाग ओढणीला लागतो, तो निघत नाही.